कपड्यात दोष नाही

सदर व्यक्ती स्त्री. वय अठ्ठावन्न पूर्ण. उंची मध्यम, बांधा मध्यम, दृष्टी चष्म्यासह समाधानकारक. हुद्दा: वरिष्ठ लिपिक, पाणीपट्टी भरणा, खिडकी क्रमांक तीन. वैवाहिक स्थिती: लागू नाही. ओळखीची ठळक खूण: डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटे खाली, कामकाजास बाधा नाही. पोशाख: स्वनिर्मित. सदर व्यक्तीने गेल्या अडतीस वर्षांत विकतचा तयार कपडा अंगावर घातल्याची कोठेही नोंद नाही. मोजे धरून.

शेवटचे दोन शब्द कुठल्याही कार्यालयीन नमुन्यात बसत नाहीत, पण ते गाळले असते तर ताईने निवृत्तीच्या कागदांतल्या ह्या मजकुरावर सही केली नसती.

ताई ही घरच्यांची ताई. कार्यालयात तिला कॉलरबाई म्हणत, अर्थात तिच्या पाठीमागे, आणि ते तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. खिडकी क्रमांक तीनच्या काचेतून पलीकडच्या माणसाला तिचा कमरेवरचा भाग तेवढा दिसे, म्हणून ती सगळी कला गळ्यावर आणि कॉलरवर खर्च करायची. कमरेखाली साधी सरळ विजार; तिथे कुणाला काय दाखवायचंय. लोक नळाला पाणी नाही म्हणून हातघाईवर येऊन रांगेत उभे राहत आणि खिडकीशी पोचेपर्यंत कॉलरच्या किनारीवरची वेलबुट्टी बघून निम्मे निवत. एका बाईंनी तर बिलाच्याच पाठीवर कॉलरची आकृती उतरवून घेतली, मग बिल जपून ठेवायचं म्हणून न भरताच घरी गेल्या.

हे सगळं सुरू झालं ते तयार कपड्यांच्या एका दुकानात. ताई तेव्हा विशीची, नोकरीच्या मुलाखतीला कोट हवा होता. बरोबर अकरा वर्षांची धाकटी बहीण होती, बारकी. तिला कोटाचं काही नव्हतं, दुकानातल्या सरकत्या जिन्याचं होतं. ताईने एकापाठोपाठ एक कोट चढवले. प्रत्येक कोट उजवीकडे शहाण्यासारखा बसे आणि डावीकडे काखेखाली फुगा धरून लोंबे. दुकानदार वाईट माणूस नव्हता. त्याने डावा खांदा दोनदा ओढून पाहिला, मागे जाऊन पाहिलं, आणि धीर देण्याच्या सुरात म्हणाला, "बाई, कपड्यात दोष नाही."

त्याला बिचाऱ्याला कोटाची बाजू घ्यायची होती, एवढंच. ताईने तो काढून त्याच्या हातात दिला, बारकीचं बखोट धरलं आणि ती खाली उतरली. सरकत्या जिन्यावर दुसरी फेरी मिळाली नाही हे बारकी पुढे अनेक वर्षं बोलून दाखवत असे. बाकीचंही तिने ऐकलं होतं. ते ती कधी बोलली नाही.

घरी आईचं पायाचं मशीन होतं. ताईने स्वतःच्या मापाचा कागद कापला, डावा खांदा दोन बोटं खाली घेतला, आणि कोट शिवला. कोट चांगला झाला असं म्हणणं धाडसाचं ठरेल. मुलाखतीत तिघांपैकी मधल्याने विचारलं, कुठून घेतला. ताई म्हणाली, घेतला नाही. यावर पुढे काय विचारावं हे त्या तिघांना सुचलं नाही आणि नोकरी मिळाली. त्या दिवसापासून विकतचा तयार कपडा अंगाला लावायचा नाही, असं तिने ठरवलं. लोक अशा गोष्टी ठरवतात आणि चार महिन्यांत विसरतात. ताईची स्मरणशक्ती वाईट बाबतीत फार चांगली.

तिच्या दोन खोल्यांपैकी एकीत ती राहायची आणि दुसरीत कपडे व्हायचे. सकाळी चहा उकळेस्तोवर एक काज, कार्यालयातून आल्यावर कणीक भिजू घालून तेवढ्या वेळात बाहीची एक शिवण. टाके मोजत असताना कुणी बेल वाजवली तर ती मोठ्याने आकडे म्हणत दार उघडायची; शेजारी त्याला सरावले होते आणि ओळ संपेपर्यंत उंबऱ्यात गप उभे राहत. मापात एक ओळ चुकली तरी अख्खी पाठ उसवायची. उसवताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे ते विणताना दिसत नसे, असं बारकीच्या मुलीचं, म्हणजे ताईच्या भाचीचं, निरीक्षण.

दुसरं व्यसन प्रवासाचं. वर्षाची रजा एकदम काढायची आणि एकटीने निघायचं. जाताना पाठ आणि पुढचे भाग विणायचे, परतताना बाह्या. तिच्या प्रवासी कोटाला आतून इतके खिसे होते की तपासणीच्या दारात तिच्यामागची रांग सुस्कारे टाकायची. लाकडी सुया बघून एका तरुण शिपायाने विचारलं होतं, ह्यांनी काय करता. ताईने त्याला पाच मिनिटं दाखवलं, त्याने सोडलं. जगातली मोठमोठी स्थळं ती पाहून आली, पण तिचं वर्णन ऐकून तिथे जायची इच्छा होईल तर शपथ. अमुक गावी फार उंच मनोरा आहे म्हणतात, ती सांगायची, पण राखाडी लोकर काय मिळते तिथे, धुतली की लोण्यासारखी. फोटोंत ती स्वतः नसायची. मनोऱ्यासमोरच्या कठड्यावर तिचा स्वेटर वाळत घातल्यासारखा पसरलेला असायचा.

ह्या प्रवासांतून दर वर्षी एक स्वेटर बारकीला जायचा. बारकीचं सासर दूरच्या आणि थंड गावात. दोघींची उंची एक, छाती एक, हाताची लांबी एक, त्यामुळे माप मागवायचा प्रश्नच नव्हता. विणायचं, स्वतःच्या अंगावर घालून आरशात बघायचं, चोख बसलं की घडी घालून पाठवायचं. ताई क्वचित तिकडे गेली की बारकी अंगात त्या वर्षीचा स्वेटर घालायची आणि वरून शाल लपेटायची, जेवताना, झोपतानासुद्धा. पोरीला फार थंडी वाजते, असं ताईच्या मनाने घेतलं. मग पुढचा स्वेटर ती आणखी जाड विणायची.

अशात भाचीचं लग्न ठरलं. नोंदणी कार्यालयात, चार माणसांत. साक्षीदार म्हणून मावशीच पाहिजे, असं भाचीने निक्षून सांगितलं. फोनवर बारकीने हळूच पुढचं काढलं: आपण ताईसाठी एक तयार जोड घेऊन ठेवलाय, रेशमी, कोटासकट, मुलाकडचे सगळे झकपक येणार, फोटोवाला येणार, फोटो जन्मभर राहतो. ताई म्हणाली की जन्मभर राहणार असेल तर त्यात मी माझ्याच कपड्यात दिसलेली बरी.

त्यासाठी तिने गडद जांभळा लांब कोट शिवला. अस्तर हाताने टाचलं, बटणांवर त्याच कापडाच्या टोप्या चढवल्या, कॉलर तर अशी बसवली की खिडकी क्रमांक तीनचं आजवरचं सगळं काम ही त्याची रंगीत तालीम वाटावी. तो कोट, आणि आठवडाभराचे बाकीचे कपडे, बॅगेत गेले. बॅग विमानात गेली. विमान पोचलं, ताई पोचली. बॅग तेवढी दुसरीकडे फिरायला गेली.

विमानतळावरच्या हरवलेल्या सामानाच्या काउंटरवरचा मुलगा अदबशीर होता. आतल्या वस्तूंचं वर्णन द्या, म्हणाला. ताईने कोटापासून सुरुवात केली आणि काजांच्या टाक्यांपर्यंत आली तेव्हा त्याने टायपिंग थांबवलं.

"ब्रँड कुठला, मॅडम?"

"मी."

"म्हणजे कंपनीचं नाव लागतं इथे."

"मग माझं घाला. मालक, कारागीर आणि गिऱ्हाईक एकच आहे."

त्याने काहीतरी घातलं. साइजच्या रकान्यात त्याने तिच्याकडे एकदा बघून 'मध्यम' असं भरलं. तोपर्यंत लागणारे कपडे कंपनी घेऊन देईल, शेजारीच दुकान आहे, असंही तो म्हणाला. ताईने त्या दुकानाकडे पाहिलं. काचेत ओळीने बाहुल्या उभ्या होत्या, सगळ्यांचे खांदे एका रेषेत.

शनिवारी संध्याकाळी ती बारकीच्या घरी पोचली तेव्हा अंगावर प्रवासाचा तपकिरी जोड होता आणि त्याच्या पोटावर विमानातली कॉफी. लग्न सोमवारी सकाळी. बारकीने बॅगेबद्दल हळहळ व्यक्त केली, आणि ती खरीही होती, पण हळहळता हळहळता ती कपाटाकडे सरकत होती हे ताईच्या नजरेतून सुटलं नाही. रेशमी जोड हँगरसकट बाहेर आला. ताईने तो उलटा करून आतल्या शिवणी पाहिल्या. कापड चांगलं आहे, ती म्हणाली, अस्तराला होईल.

रविवारी ह्यावरून घरात वातावरण तंग झालं. बारकीचं म्हणणं, एक दिवसाचा प्रश्न आहे. ताईचं म्हणणं, एकाच दिवसाचा असतो नेहमी. बारकी म्हणाली, कॉफीच्या डागात माझ्या मुलीच्या शेजारी उभी राहणार का. ताईने तो जोड धुऊन टाकला होता. डाग हलला नव्हता आणि कपडे वाळत नव्हते, बाहेर हवा गारठली होती. ती भाचीचा गाऊन घालून बसली होती. तो भाचीने स्वतः शिवलेला, मावशीनेच शिकवलेला, म्हणून नियमात बसत होता.

"ओले असले तरी तेच घालेन," ताई म्हणाली. "ओले का असेनात, माझे आहेत."

"अडतीस वर्षांपूर्वीच्या एका दुकानदाराशी तू अजून भांडतेयस, ताई. तो मेलाही असेल."

"असेल. मी आहे ना."

मग ताईने शेवटचा उपाय काढला. आईचं मशीन बारकीकडे होतं. ते खाली काढा, पलंगपोस द्या, पडदा द्या, काहीही द्या, रात्र पडायच्या आत अंगात घालण्याजोगं काहीतरी शिवते. बारकीचा नवरा, ज्याला सगळं गाव मास्तर म्हणतं, हा शाळेत कवायत शिकवतो. जन्मभर तो मुलांवर "खांदे सरळ, खांदे एका रेषेत" म्हणून ओरडत आला, पण ताई घरात असली की अंगणातसुद्धा हा हुकूम देत नसे. दोन बहिणींच्या मध्ये उभं राहण्यापेक्षा माळ्यावर चढणं बरं, असा विचार करून तो शिडी घेऊन आला. मशीन उतरलं. त्याच्यामागे एक पत्र्याची ट्रंकही उतरली.

"ह्यातही तुमचंच आहे, ताई," मास्तर चांगल्या मनाने म्हणाला आणि त्याने झाकण उघडलं.

बारकी स्वयंपाकघरातून धावत आली, पण झाकण उघडून झालं होतं.

डांबरगोळ्यांचा वास आला. आत एकावर एक प्लॅस्टिकच्या पिशव्या, प्रत्येकीत एक स्वेटर. राखाडी, मनोऱ्याच्या गावचा. हिरवा, बोटीवर विणलेला, तोही समुद्र खवळलेला असताना, म्हणून पाठीवर एक टाका चुकलेला. पिवळा. निळा. तळाशी वाइनसारख्या लाल रंगाचा, मोठ्या बटणांचा, बारकी लग्न होऊन गेली त्या वर्षीचा. ताईने एकेक काढून कोपरं पाहिली. स्वेटर किती वापरलाय ते कोपर सांगतं. इथे सगळी कोपरं नवी होती.

"का?" ताईने विचारलं.

बारकीने लाल स्वेटर उचलला, अंगात घातला, सगळी बटणं लावली, आणि अंगावरची शाल पलंगावर टाकून खिडकीच्या उजेडात जाऊन उभी राहिली.

डावीकडे काख आवळली होती. खालची किनार डावीकडून वर चढली होती आणि गळा, कुणी कान धरून ओढावा तसा, त्याच बाजूला गेला होता. ताई पुढे झाली. तिने बारकीचा डावा खांदा ओढून सारखा केला. पुन्हा ओढला. मग मागे जाऊन पाहिलं. आणि मागे उभी असतानाच तिला कळलं की हे सगळं, दोनदा ओढणं, मागे जाणं, आपण पूर्वी कुठे पाहिलंय.

"सगळे असेच आहेत," बारकी खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली. "तू स्वतःच्या अंगावर घालून बघायचीस ना. मला डावीकडे कधी बसलेच नाहीत."

"मग सांगायचंस."

"काय सांगणार? मी त्या दुकानात होते, ताई. स्वेटर बसत नाही म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, कुठे बसत नाही. मग मला खांदा म्हणावं लागलं असतं."

मास्तर अजून शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होता. त्याला वाटलं आपण काहीतरी बोलायला हवं.

"मला मात्र मफलर पहिल्यापासून उत्तम बसतात," तो म्हणाला.

भाची आधी तोंड दाबून हसली, मग तिने तोंडावरचा हात काढला.

ताई हसली नाही. पंचवीस वर्षं आपण दर वर्षी एक दुकान थाटून बारकीला पाठवत होतो, एकाच मापाचं, घे नाहीतर राहू दे म्हणणारं, हे तिच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरल्यावर तिचे कान लाल झाले. क्षमा मागण्याची तिला सवय नव्हती आणि ह्या वयात नवा टाका शिकण्यात अर्थ नव्हता. तिने हात पुढे केला.

"काढ तो."

बारकीने काढला. ताईने तो गाऊनवर चढवला, खालपासून वरपर्यंत बटणं लावली आणि कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली. किनार सरळ. गळा मधोमध. डावा खांदा आणि उजवा खांदा दोन्ही आपापल्या जागी, कुणाची कुणाविरुद्ध तक्रार नाही. स्वतःसाठी विणलेला एकही स्वेटर तिला इतका चोख बसला नव्हता, कारण स्वतःसाठी ती घाईत विणायची.

"कपड्यात दोष नाहीच," ताई म्हणाली. "चुकीच्या बाईच्या अंगावर होता."

मग ती ट्रंकेपाशी मांडी घालून बसली आणि वाटणी सुरू झाली. लाल सोमवारी, लग्नाला. राखाडी मंगळवारी. निळा परतीच्या प्रवासाला. बारकी म्हणाली की ते माझे आहेत.

"तुझे होते तर अंगावर दिसले असते."

"शालीखाली असायचे."

"शालीखालचं धरत नाहीत."

तरी बारकीने हिरवा उचलून मांडीखाली घेतला. तो चुकलेल्या टाक्याचा आहे, ताईने बजावलं. बारकी म्हणाली, म्हणूनच. आईचं मशीन मास्तराने पुन्हा माळ्यावर नेलं नाही. ते तिथेच पलंगाशी राहिलं आणि संध्याकाळी ताईने त्यावर तपकिरी विजारीची घडी तेवढी दुरुस्त करून घेतली. कॉफी वरच्या कपड्यावर होती, विजार वाळली की चालणार होती.

सोमवारी नोंदणी कार्यालयात मुलाकडचे खरोखरच झकपक आले होते. मुलाच्या आत्याने ताईच्या स्वेटरकडे बघून चौकशी केली की असे कुठे मिळतात. ताई म्हणाली, मिळत नाहीत. बारकी शेजारी होती. ती म्हणाली, "आमच्याकडे ट्रंक भरून आहेत," आणि ताईने तिच्याकडे जे पाहिलं त्याला प्रेमाने पाहणं म्हणता येईल, जवळच्या माणसाला.

साक्षीदारांची ओळख पटवायला एक कारकून बसला होता. जातिवंत कारकून, ताईने पहिल्या नजरेत ओळखलं. त्याने तिचं ओळखपत्र दोन्ही बाजूंनी वाचलं, खुणेच्या ओळीवर बोट ठेवलं आणि वर पाहिलं. पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"खूण दिसत नाही," तो म्हणाला.

"दिसायची असेल तर दुकानातला कोट घालून यावं लागेल," ताई म्हणाली. "तो मी घालत नाही."

कारकुनाने मागची रांग पाहिली. रांग बरीच होती. त्याने शिक्का मारला. फोटोत भाचीच्या उजव्या हाताला जी बाई उभी आहे तिचे दोन्ही खांदे एका रेषेत दिसतात. मास्तराने तो फोटो भिंतीवर लावलाय आणि पाहुण्यांना दाखवताना तो खांद्यांबद्दल एक अक्षर बोलत नाही.

बॅग गुरुवारी आली. वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: महिलांचे कपडे, अन्य कंपनी, मध्यम. ताईने ती उघडलीच नाही. जांभळा कोट आहे तसा परत घेऊन जायचा आणि निवृत्तीच्या दिवशी घालायचा, खिडकीच्या लोकांकडच्या बाजूला उभं राहून, म्हणजे लोकांना एकदा पूर्ण दिसेल, असं तिने ठरवलं. रेशमी जोड मात्र तिने मागून घेतला. बारकीला वाटलं, अखेर विरघळली. ताईने जेवण झाल्यावर कात्री काढली आणि तो शिवणीशिवणीने उसवला. चेहऱ्यावर तेच समाधान होतं. घड्या करून म्हणाली, तुझ्या कोटाला अस्तर.

"मला कोट?"

"उभी राहा सरळ."

बारकी खिडकीपाशी उभी राहिली. ताईने आतल्या खिशातून टेप काढला आणि जन्मात पहिल्यांदा बहिणीचं माप घेतलं. मास्तराला कागद-पेन्सिल देऊन लिहायला बसवलं. पाठ सांगितली, छाती सांगितली, हाताची लांबी सांगितली. मग खांद्यांवर आली आणि थांबली. टेप काढून पुन्हा लावला. बारकीने विचारलं, काय झालं. ताईने मास्तराला लिहून घ्यायला सांगितलं. बारकीच्या एकोणपन्नास वर्षांत कुठल्याही कागदावर ही नोंद झालेली नव्हती.

उजवा खांदा अर्धं बोट खाली.